नादकाटा ताईच्या हातात होता

आमची ताई डूख धरते असं मी म्हटलं की लोक माझ्याकडेच संशयाने बघतात. इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, कान तपासायच्या खोलीत तिने तेहतीस वर्षं काढली. निवृत्त झाली तरी आठवड्यातून दोन सकाळी अजून जाते, कारण नव्या मुलींना तिच्याइतका धीर नाही. एकच प्रश्न पाचदा विचारणाऱ्या म्हाताऱ्याला ती सहाव्यांदाही हसून उत्तर देते. तिचा आवाज कधी चढत नाही. पर्समध्ये दुसऱ्यासाठी म्हणून एक जादा रुमाल असतो. इतकी शांत बाई शोधून सापडायची नाही, असं तिच्या सासरचेसुद्धा म्हणतात, आणि सासरच्यांनी असं म्हणणं ही काय चीज आहे ते ज्याचं त्याला ठाऊक.

पण मी तिची सख्खी धाकटी बहीण आहे. ताईने आयुष्यात दोघींवर सूड उगवला. पहिल्या वेळी मी तिच्या बाजूने होते. इतकंच काय, कल्पना माझीच होती.

तेव्हा आम्ही दोघी कॉलेजात होतो, ती शेवटच्या वर्षाला आणि मी पहिल्या. कॉलेजचा एक गायनवृंद होता. बावीस जण, चार रांगा, वाद्य एकही नाही. सगळं गळ्यावर. वाद्य नसलं की सुरुवातीचा सूर कोणीतरी द्यावा लागतो, आणि तो देण्याचं काम ताईचं. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा एक नादकाटा वृंद बसवणाऱ्या सरांनी तिला दिला होता. ती तो गुडघ्यावर आपटायची, कानाशी धरायची आणि ओठ मिटून बारीकसा हुंकार द्यायची. काट्याचा सूर एकच असतो. त्यावरून प्रत्येक गाण्याचा सूर मनातल्या मनात मोजून काढायचा, हे भल्याभल्यांना जमत नाही. ताईला जमायचं. तिने हुंकार दिला की चारही रांगा डोळे झाकून तो उचलायच्या. सरसुद्धा तपासायचे नाहीत.

सरांची आणखी एक शिस्त होती आणि ती त्यांनी आमच्या हाडात मुरवली होती. तालमीत मध्येच ते कोणाच्याही खांद्यावर बोट टेकवायचे. ज्याच्या खांद्यावर बोट, त्याने त्या क्षणी गप्प व्हायचं, आणि त्याची ओळ शेजारच्याने तिथून पुढे न्यायची. मध्ये श्वासाएवढीही फट पडता कामा नये. विचार करायला वेळ नसायचाच. वर्षभर रोज संध्याकाळी हेच. पडलेला सूर उचलणं हे आम्हाला शिंक येण्याइतकं आपोआप व्हायला लागलं होतं.

त्या वर्षी वृंदाला परदेशातून बोलावणं आलं. सोळा दिवस, नऊ गावं, शेवटचा कार्यक्रम मोठ्या सभागृहात आणि त्याचं ध्वनिमुद्रण. आमच्या घरात कोणी विमान जवळून पाहिलं नव्हतं. आई शिवणकाम करायची. बावीस जणांचे निळे पोशाख तिनेच शिवले. मशीन चालवताना ती एक चाल गुणगुणायची, शब्द नसलेली. ताईने त्या चालीवर चार ओळी लिहिल्या, सरांनी मागे बाकीच्यांचे सूर बांधले, आणि ते गाणं कार्यक्रमात शेवटी आलं. चार ओळी ताईने एकटीने गायच्या, बाकीच्या एकवीस जणांनी मागे नुसता आकार धरायचा. तिसरी ओळ हळूहळू वर चढते आणि शेवटच्या अक्षरावर थांबते, आठ मोजेपर्यंत. ताई तिथे हनुवटी किंचित उचलायची. निघताना आईने एवढंच सांगितलं होतं, की ती कॅसेट जपून आण, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

सगळा दौरा ताईसाठी त्या एका कॅसेटचा होता.

पहिले आठ दिवस झकास गेले. दुपारी बस, संध्याकाळी स्टेज, सकाळी अनोळखी स्वयंपाकघरात सूप आणि ब्रेड. ज्या घरांत आम्हाला उतरवायचे तिथले लोक भले होते, फक्त खिडक्या कधी उघडायचे नाहीत आणि न्हाणीघरातल्या नळांची दिशा प्रत्येक घरात वेगळी. नवव्या दिवशी ताईचा घसा बसला. सरांनी हुकूम सोडला, की तीन दिवस गाणं बंद आणि बोलणंही बंद. काय हवं ते कागदावर लिहायचं. नादकाटा तेवढा तिच्याकडेच राहिला, कारण ओठ मिटून द्यायच्या हुंकाराने घशाला काही होत नाही. आणि त्या चार ओळी तात्पुरत्या दिल्या राणीसाहेबांना.

राणीसाहेब हे नाव मी ठेवलं नव्हतं, पण वापरलं सगळ्यात जास्त मी. ती ताईच्याच रांगेतली. बॅग सगळ्यात मोठी आणि ती कायम दुसऱ्याच्या हातात. गळा वाईट नव्हता. वरच्या सुरांना दमछाक व्हायची, तिसऱ्या ओळीचा तो शेवटचा सूर तिला कसाबसा लागायचा, त्याच्या वर एक पायरीही नाही. पण दिसायला गोड आणि बोलायला त्याहून गोड. ताईशी तिची मैत्री होती. दोघी एकाच खोलीत झोपायच्या.

तिसऱ्या दिवशी ताईचा घसा मोकळा झाला. तिने कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लिहिलं: "सर, घसा बरा आहे. उद्यापासून मी गाते." सर दुसऱ्या इमारतीत उतरले होते, बाहेर गारठा होता, म्हणून राणीसाहेब म्हणाल्या की तू कशाला उतरतेस, मी देते नेऊन.

दुसऱ्या दिवशी बस सुटायच्या आधी सर उभे राहिले. म्हणाले, मला आज एका मुलीचा अभिमान वाटतो. आपलं हक्काचं गाणं तिने स्वतःहून मैत्रिणीला दिलं, दौरा संपेपर्यंत. याला मोठं मन लागतं. आणि त्यांनी ताईकडे हात केला. बावीस जणांची बस टाळ्यांनी दणाणली. ताईला बोलायची अजून परवानगी नव्हती. ती कागद शोधत होती. टाळ्या थांबल्या तोवर राणीसाहेबांनी तिच्या गळ्यात पडून रडूनही घेतलं होतं. त्यानंतर ताई कोणत्या तोंडाने म्हणणार होती की मी काही दिलेलं नाही, माझं परत द्या? मोठ्या मनाच्या माणसाची ही गंमत असते, एकदा तो शिक्का बसला की तोंड शिवलं जातं. मी मागच्या सीटवरून ताईची मान बघत होते. ती कानापर्यंत लाल झाली होती आणि सगळ्यांना वाटलं लाजली.

चिठ्ठी मला सापडली. दोन दिवसांनी, राणीसाहेबांच्या गाण्यांच्या फाइलमध्ये, घडी करून ठेवलेली. फाडून टाकण्याइतकीही अक्कल नव्हती, किंवा तेवढी भीतीच वाटत नव्हती तिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती चिठ्ठी ताईपुढे टाकली आणि म्हटलं चल, आत्ताच्या आत्ता सरांकडे. ताई नको म्हणाली. ती रडेल, सर तिला माफ करतील, आणि मी कोत्या मनाची ठरेन, असं तिचं म्हणणं. ते खरंच होतं. मी दातओठ खात बसले. मग माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. ती नादकाटा रुमालाने पुसत होती.

"ताई," मी म्हटलं, "सूर तर तूच देतेस."

ती बराच वेळ पुसत राहिली.

"दोन पट्ट्या," ती म्हणाली. "तीन केल्या तर सरांना लगेच कळेल. दोन चढवल्या तर त्यांना वाटेल सभागृह मोठं आहे म्हणून. आणि मध्ये थांबवता येणार नाही, मुद्रण चालू असेल."

माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीने नाही. मला आनंद झाला होता. माझी सोशिक ताई माणसासारखं वागायला लागली, याचा आनंद. पुढचे दोन दिवस आम्ही दोघींनी कोपऱ्यात बसून सगळा हिशोब केला. कोणत्या रांगेला जड जाईल, कोणाला कळेल, कळलं तरी कोण बोलणार नाही. राणीसाहेबांचा गळा तिसऱ्या ओळीत कोणत्या अक्षराला फाटेल तेही ताईने सांगून ठेवलं. फक्त एक गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही. राणीसाहेब त्यांच्या रांगेत शेवटी उभ्या राहायच्या, आणि त्यांना लागूनच, वरच्या सुरांच्या रांगेत पहिली मी.

शेवटच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. माइक छतावरून खाली सोडलेले. शेवटचं गाणं आलं, राणीसाहेब एक पाऊल पुढे सरकल्या, मान तिरकी, हात जोडलेले, काय साळसूद दिसत होती. ताईने काटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, आणि हुंकार दिला. दोन पट्ट्या वर. आमच्यापैकी एकानेही शंका घेतली नाही. काटा चुकत नाही, हे आम्हाला सूर्य उगवतो तितकं पक्कं होतं.

पहिली ओळ निभावली. दुसऱ्या ओळीत तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मी आकार धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, चढ, चढ, आणखी चढ. तिसऱ्या ओळीत, ताईने सांगितलेल्या बरोबर त्याच अक्षराला, तिचा आवाज चिरला आणि बंद पडला.

आणि मी उचलला.

मी ठरवलं नाही. माझ्या आत कोणीतरी उचलला. शेजारचा सूर पडला, तो माझ्या तोंडातून निघाला, श्वासाएवढी फट न पडता. ती पट्टी माझ्या गळ्याची होती. वरचा सूर असा लागला की मलाच नवल वाटलं. आठ मोजले. आणि आठ झाल्यावर श्वास घ्यायला जागा आहे, पुरेशी आहे. तिथे मला थांबता आलं असतं. आता हे कबूल करायला काही हरकत नाही, राणीसाहेब कुठे असतील तिथे असोत आणि सर तर गेलेच. तिसरी ओळ मी सवयीने गायले. चौथी मी गायले. मला ती गावीशी वाटली. एवढं मोठं सभागृह माझ्याकडे बघत होतं आणि मला माझा आवाज आवडला होता.

लोक उभे राहिले. सर विंगेत आले ते थेट माझ्याकडे, डोळ्यांत पाणी. राणीसाहेब कोणाच्या तरी खांद्यावर रडत होत्या आणि या वेळी खरं रडत होत्या. पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी ताईला शोधलं. ती टाळ्या वाजवत होती, नादकाटा काखेत धरून.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. दोन तास खिडकीबाहेर पाहून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"तुला गप्प बसता आलं नाही?"

सवयीने झालं गं, असं मी म्हणाले. काट्यावरून मनात सूर मोजणारी बाई ती, दोन ओळींमधला श्वास तिला ऐकू आला नसेल होय?

महिन्याभराने कॅसेट आली. आईने मशीन थांबवलं, पाय पायडलवरून खाली घेतले आणि डोळे मिटून ऐकलं. पहिल्या दोन ओळी कोणाच्या, असं तिने विचारलंसुद्धा नाही. संपल्यावर म्हणाली, धाकटीचा गळा असा आहे हे मला माहीतच नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं.

"आणि यात तू कुठे आहेस गं?"

"सुरुवातीला," ताई म्हणाली. "तो हुंकार आहे ना बारीकसा, तो माझा."

दुसऱ्या दिवशी ताईने वृंद सोडला. पुढची चार वर्षं त्या चार ओळी मी गायले, दोन पट्ट्या वर. सरांनी गाणं त्याच पट्टीत पक्कं केलं. ताईने कान तपासण्याचा अभ्यासक्रम केला, नोकरीला लागली, नकाशे काढणाऱ्या एका अबोल माणसाशी लग्न केलं, दोन मुलं वाढवली. त्या मुलांनी तिला गाताना कधी ऐकलं नाही. झोपवतानासुद्धा ती त्यांना गोष्ट वाचून दाखवायची.

भांडण कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं, मी भांडणात चांगली आहे. उलट ती माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला यायची. पुढच्या रांगेत बसायची, नेटकी साडी, मांडीवर पर्स. आणि माझी एकटीची ओळ जवळ आली की उठायची, कोणाला त्रास नको म्हणून कंबरेत वाकून बाहेर जायची, आणि ओळ संपली की परत येऊन बसायची. एकदा मी ते गाणं पहिलंच घेतलं. त्या दिवशी ताई दहा मिनिटं उशिरा आली. अकरा वर्षं हे चाललं. शेवटी मीच गाणं सोडलं आणि कारण सांगितलं मुलांच्या परीक्षांचं. ताई म्हणाली, अरेरे. तिच्या आवाजात काळजी होती आणि मला तिचा गळा दाबावासा वाटला.

राणीसाहेबांचं काही वाईट झालं का, असं लोक विचारतात. नाही झालं. झालं असतं तर मला आवडलं असतं.

यंदा माझ्या सूनबाईंनी जाहीर केलं, की आई, टीव्हीचा आवाज आता शेजाऱ्यांनाही पाठ झालाय, कान तपासून घ्या. नंबरही तिनेच लावला. चिठ्ठीवर वार बघितला आणि मला कळलं, त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावर कोण असणार ते. मी गेले. घाबरले असं तिला वाटायला नको म्हणून गेले.

ताईने मला इतर पेशंटसारखंच वागवलं. वय विचारलं, जसं काही तिला माहीत नाही. मग मला त्या काचेच्या पेटीत बसवलं. लहानशी खोली, समोर तेवढी काच, बाकी भिंतींना जाड गादी, दार बंद केलं की बाहेरचं काहीएक आत येत नाही. आपला श्वास तेवढा ऐकू येतो. कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेच्या पलीकडे तिची साधी खोली, तिचं मशीन, आणि तिच्या मागे अर्धवट उघडं दार. तिने माइकचं बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि तिचा आवाज माझ्या कानात आला: सूर ऐकू आला की दाब, कितीही बारीक असला तरी दाब.

बेचाळीस वर्षांनी ताई मला सूर देत होती. मी एकही सुटू नये म्हणून जिवाचे कान केले. खालचे आले. मधले आले. मग बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मी पाहत होते तर तिचा हात मशीनवर चालूच होता. म्हणजे ती देत होती आणि मला येत नव्हते.

"वरचे गेलेत," तिचा आवाज आला. "वयाने आधी वरचेच जातात."

दिवा विझला. मला वाटलं आता दार उघडेल. ताईने खुर्ची फिरवली आणि काचेतून सरळ माझ्याकडे तोंड केलं. मग खण उघडला. त्यातून तिने नादकाटा काढला. तोच, दांड्याजवळ पोचा आलेला. गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. ओठ मिटले.

आणि ताई गायली.

पहिली ओळ मी तिच्या ओठांवर वाचली. दुसरीही. माझ्या हेडफोनमध्ये काही नव्हतं. माइकचा दिवा विझलेलाच होता आणि बटण तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. तिसऱ्या ओळीला तिने हनुवटी उचलली, मी बोटांवर मोजलं, आठपर्यंत ती थरथरली नाही. तिथे श्वास घेतला. चौथी ओळ तिने डोळे उघडे ठेवून गायली, माझ्या डोळ्यांत बघत. मी काचेवर मूठ आपटायला हात उचलला होता. तो तसाच मांडीवर ठेवला.

मग तिने बटण दाबलं.

"काही ऐकू आलं?"

"नाही."

"बरं," ताई म्हणाली आणि कागदावर लिहून घेतलं.

बाहेर बाकावर तीन-चार माणसं बसली होती, सगळी दाराकडे तोंड करून, कोणी बोलत नव्हतं. नर्स हातात फाइल धरून भिंतीला टेकून उभी होती. तिने मला खुर्ची दिली.

"ताई गातात हे आम्हाला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं झाली. तुम्ही तर अगदी समोर होतात, तुम्हाला छान ऐकू आलं असेल."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.